पातेल्यावरचं नाव

"काय नाव घालू वैनी?" बापू तांबटानं विचारलं आणि छिन्नीचं टोक पातेल्याच्या काठाला टेकवलं.

"सौ. सुशीला शंकरराव आवटी, अध्यक्ष. खाली शारदा भगिनी मंडळ, तासगाव."

"म्हंजे ह्या बी खेपंला तुमचं न्हाईच."

"पुढच्या खेपेला बघू," मी म्हटलं.

बापू हसला. त्याला वाटलं, मी गंमत केली. तो हातोडीचे बारीक बारीक ठोके घालत राहिला, आणि मी एस.टी. स्टँडसमोरच्या त्याच्या दुकानात स्टुलावर बसून 'सुशीला' उमटताना बघत राहिले. गंमत मी अजिबात केली नव्हती.

आमचं मंडळ तसं लहानच. देवळामागं एक लांबट खोली, खोलीत गावातल्या लग्नकार्यांना लागणारी भांडी, आणि साठेक बायका सभासद. पण कुणाच्याही घरी लग्न, बारसं, वास्तुशांत निघाली की आधी भटजीकडं जायचं आणि मग आमच्याकडं. प्रत्येक अध्यक्षबाईनं आपल्या कारकिर्दीत एक मोठं भांडं मंडळाला करून द्यायचं आणि त्याच्या काठावर तिचं नाव घालायचं, ही पहिल्यापासूनची पद्धत. त्यामुळं आचारी बोलतानाच तसं बोलायचे. 'भोकरेबाईत भात लावा, देशिंगेबाईत आमटी टाका.' भोकरेबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण गावातला एकही भात त्यांच्याशिवाय शिजत नव्हता.

मी पंधरा वर्षं मंडळाची कार्यवाह होते. भांडी मोजून द्यायची, चिंचेनं घासून आलीत का बघायचं, पोचे आले तर भांडायचं, सगळं माझ्याकडं. मिरवायला अध्यक्ष आणि राबायला मी. एवढ्या वर्षांत बापूकडं जी जी भांडी आली ती मीच रिक्षात मांडीवर घेऊन आणली. माझ्या घरातही भांड्यांना तोटा नव्हता. आजेसासूबाईंच्या नावाचे तांबे, सासूबाईंच्या नावाच्या पराती, लग्नात आहेर करणाऱ्या झाडून सगळ्या मामा-मावश्यांची नावं. 'कुमुदिनी' मात्र एका चमच्यावरही नव्हतं. मला ते एका पातेल्यावर हवं होतं. मोठ्या. शंभर पानांचा भात शिजेल अशा.

आणि त्या वर्षी ते होणार होतं. सुशीलाकाकू मुलाकडं पुण्याला कायमच्या निघाल्या होत्या. त्यांच्यामागं कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. फक्त ते मी म्हणायचं नव्हतं.

आमच्याकडं अध्यक्ष होण्याचीही एक रीत होती. मंडळाच्या घटनेत वेगळं लिहिलं होतं. आधी अर्ज, त्यावर सूचक, अनुमोदक, उमेदवाराची सही. पण घटना कपाटात राहायची आणि रीत आमच्या अंगात होती. भर सभेत कुणीतरी नाव घ्यायचं. जिचं नाव घेतलं तिनं 'नको हो' म्हणायचं. पुन्हा आग्रह झाला की 'अहो, मला कुठं जमतंय' म्हणायचं. तिसऱ्यांदा दोघीतिघींनी तिला दंडाला धरून खुर्चीकडं न्यायचं आणि तिनं तोंडाला पदर लावत बसायचं. सुशीलाकाकू तर इतकं नको नको करत होत्या की त्यांना जवळजवळ उचलावं लागलं. त्या दिवसासाठी त्यांनी नव्या साडीला फॉल लावून घेतला होता. मला ठाऊक होतं, कारण साडी मीच आणून दिली होती.

तर माझं सगळं ठरलेलं होतं. पहिलं नको, दुसरं नको आणि मग खुर्ची. साडीसुद्धा मनात नक्की झाली होती, आमसुली रंगाची. मनातले मांडे खायला काय जातं?

आता वैजयंतीबद्दल सांगायला हवं, आणि ते नीट सांगणं मला आजही जड जातं.

वैजयंती माझी धाकटी जाऊ, मिरजेची. ती लग्न होऊन आली तेव्हा मला या घरात दहा वर्षं झाली होती. तिची पहिली होळी होती. पुरुषांची पंगत उठली, मग आम्ही बसलो. मी वाढत होते. तिच्या पानात दोन पोळ्या झाल्या, तिसरी घेऊन मी रीतीप्रमाणं विचारलं, "वाढू का गं?" आणि ती नवी नवरी, हातातल्या हिरव्या चुड्याची नवलाई अजून गेली नव्हती, ती म्हणाली, "हो अक्का. मला अजून हवीय. तूपही घाला जरा."

मला वाटलं, आता सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटणार. मी पहिल्या वर्षी सणाला दोन पोळ्या खाल्ल्या होत्या, त्यातली दुसरी त्यांनी बळंच वाढली म्हणून. पण सासूबाई हसल्या. "वाढ की गं तिला. भूक लागलीय पोरीला." एवढंच नाही, त्यांनी स्वतःच्या हातानं तुपाची वाटी तिच्या पोळीवर उपडी केली.

त्या दिवशी मी सगळ्यात शेवटी जेवले. "पुरे ना गं तुला?" सासूबाईंनी विचारलं. "पुरे," मी म्हटलं. डब्यात अजून पोळ्या होत्या.

तिथून जे सुरू झालं ते वाढतच गेलं. मी बारा वाजेपर्यंत रांधलेलं कुणाच्या लक्षात यायचं नाही, आणि हिनं संध्याकाळी नुसतं थालीपीठ लावलं तरी घरभर कौतुक. मी मंडळात गेले की बायका विचारायच्या, "वैजू नाही आली?" तीही सभासद झाली होती, आणि आल्या आल्या सगळ्यांची वैजू झाली होती. मी मात्र कुमुदवहिनीच. सुशीलाकाकू तिच्या पाठीवर थाप मारायच्या. माझ्या पाठीला पंधरा वर्षांत कुणाचा हात लागला नव्हता. माझा जळफळाट व्हायचा. तो मी कुणाला दिसू देत नसे, पण भांडी घासून ठेवताना आवाज जरा जास्त व्हायचा.

सभेच्या महिनाभर आधी एका सकाळी ती वरच्या मजल्यावरून खाली आली. आमच्या चुली तेव्हा वेगळ्या झाल्या होत्या. मी मुगाची डाळ निवडत होते. ती समोर पाटावर बसली आणि ताटातली डाळ निवडू लागली.

"अक्का, एक विचारू?"

"विचार की."

"सुशीलाकाकू जाणार. तुम्हाला अध्यक्ष व्हायचंय का?"

इतकं सरळ कुणी विचारत नाही. एखाद्या बाईला तिचं वय विचारावं तसं मला झालं. माझे कान तापले.

"छे गं. मला कशाला?"

"नाही, म्हणजे व्हायचं असेल तर सांगा. मी सूचक म्हणून सही करते तुमच्या अर्जावर. नक्की नकोय?"

"घर कोण बघणार? नको बाई."

मी डाळीवरची नजर उचलली नाही. दोनदा झालं होतं. आता तिनं एकदाच म्हणायचं होतं, 'असं काय अक्का, तुमच्याशिवाय कोण आहे?' मी उत्तरही तयार ठेवलं होतं, 'बघू बाई, तुम्ही सगळ्या म्हणत असाल तर.'

"बरं," वैजयंती म्हणाली. हातातले दोन खडे ताटाच्या कडेला ठेवले आणि उठून वर गेली.

ती मला पुन्हा विचारायला येईल म्हणून मी आठवडाभर वाट बघितली. मग म्हटलं, सभेत म्हणेल. आणि मी बोलावण्याला निघाले.

बोलावणं म्हणजे आमची नोटीस. घटनेत लिहिलं होतं की वार्षिक सभेची लेखी नोटीस पंधरा दिवस आधी द्यावी. पण कार्यवाहबाई करंडा घेऊन घरोघर जायची, कुंकू लावायची, हातावर खडीसाखर ठेवायची आणि सांगायची, 'अमुक वारी सभा आहे, यायचं हं नक्की.' लग्नाला बोलावतात तसंच. त्याशिवाय कुणी सभेला पाऊल टाकत नसे.

तीन घरं झाली आणि चौथ्या घरी पद्मजा मगदूम भेटली. तिच्या कपाळाला मी कुंकू लावत असतानाच ती म्हणाली, "बरं झालं बाई, या खेपेला सगळं आधीच ठरलं. तुम्हालाही आनंद झाला असेल ना वहिनी, पद घरातच राहतंय."

"कसलं पद?"

"वैजूचा अर्ज! मीच सूचक आहे. तुम्हाला माहीत नाही?" तिनं जीभ चावली. "ती म्हणाली, अक्कांना विचारलं, त्यांना नकोय."

माझं बोट तिच्या कपाळावर तसंच राहिलं. कुंकू जरा नाकावर सांडलं. मी ते पुसलं, खडीसाखर दिली, 'येते' म्हटलं आणि पुढच्या घरी न जाता तडक घरी आले. रस्त्यानं चालताना मला काही दिसत नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा, हे मी तोपर्यंत नुसतं ऐकलं होतं. पंधरा वर्षं बीळ खोदलं मी, आणि फणा काढून बसणार ही!

संध्याकाळी ती अर्ज घेऊन खाली आली. दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला.

"अक्का, तुम्ही कार्यवाह, म्हणून तुमच्याकडं देतेय."

मी तो घेतला नाही. "अर्ज कसा घेऊ? अर्ज घटनेप्रमाणं ना? मग घटनेप्रमाणं लेखी नोटीस निघायला हवी. ती निघालेली नाही. म्हणजे ही सभाच बरोबर नाही."

"पण नोटीस काढणं तुमचंच काम ना?"

"आजवर बोलावण्यावर चालत आलं. कायदा तू आणलास."

"मी काही वाईट केलं का अक्का?" तिचा आवाज चढला नाही, पण हनुवटी वर गेली. "मी विचारलं होतं तुम्हाला. दोनदा."

"मी कुठं काय म्हणतेय?"

"मग काढा लेखी नोटीस. पंधरा दिवस थांबू. मला घाई नाही." तिनं अर्ज शेगडीशेजारी ठेवला आणि वर पाण्याचा पेला पालथा ठेवला, उडू नये म्हणून. जाताना दारात वळली. "मला ते हवंय अक्का. उगाच खोटं कशाला बोलू?"

मला ते हवंय! भर स्वयंपाकघरात, दिवेलागणीला! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग मी कायदा दाखवायचा ठरवला. ज्यांना कुंकू लावून झालं होतं त्यांना सभा पुढं गेल्याचा निरोप धाडला. सुवाच्य अक्षरात नोटीस लिहिली, झेरॉक्स काढल्या, एक मंडळाच्या दारावर चिकटवली आणि बाकीच्या टपालानं प्रत्येकीच्या घरी पाठवल्या. करंडा फडताळातून काढलाच नाही. हवी ना नोटीस? घ्या नोटीस.

सभेच्या दिवशी मी आमसुली साडी नेसले. का नेसले ते विचारू नका. करंडाही सवयीनं पिशवीत पडला.

चारची वेळ होती. खोलीत सतरंजी अंथरलेली, मागच्या भिंतीला सगळ्या पातेल्यांची उतरंड, आणि बायका आम्ही धरून जेमतेम नऊ. सुशीलाकाकू खुर्चीत बसून दाराकडं बघत होत्या. सव्वाचार झाले, साडेचार झाले.

"कुमुद, बोलावणं केलं नाहीस का गं?"

"लेखी नोटीस गेलीय काकू. सगळ्यांना पोचलीय. वैजयंतीला नियमानं हवं होतं."

"बोलवू नका असं मी कधी म्हटलं?" वैजयंती म्हणाली.

"नियमात बोलावणं कुठंय?"

"नियमात बंदी तरी कुठंय?"

पद्मजा मध्ये पडली. "अगं, जावाजावा घरी भांडा. आता करायचं काय? वीस तरी बायका लागतात ना?"

करायचं काय ते मला पाठ होतं. सभा होत नाही. पुन्हा केव्हातरी बघू. तोपर्यंत काकू पुण्याला, अध्यक्षाची खुर्ची रिकामी, आणि किल्ल्या कार्यवाहकडं. मी हे शब्द मनात जुळवत होते, तेवढ्यात वैजयंतीनं आपल्या पिशवीतून घटनेचं पुस्तक काढलं.

"सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग इथंच घ्यायची. तेव्हा कितीही बायका असल्या तरी चालतात. असं लिहिलंय."

अर्ध्या तासानं नऊ बायका. त्यातल्या सहा तिच्या. माझ्याच नोटिशीनं मी तिला खुर्चीवर बसवत होते. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला गेले आणि ती माझ्याच गळ्यात वाजायला लागली.

पण ती बसून राहिली नाही. उठून माझ्याजवळ आली. "अक्का, करंडा द्या."

"काय?"

"तुमच्या पिशवीत आहे. मघाशी वाजला. द्या इकडं. मला नऊ बायकांची अध्यक्ष नाही व्हायचं."

मी दिला. न देऊन काय करणार होते? ती आणि पद्मजा जवळजवळ पळतच बाहेर पडल्या. सुशीलाकाकूंनी पर्स उघडून सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि माझ्याकडं बघितलं. मी जाऊन उगाच देशिंगेबाईंचं झाकण सरळ केलं.

थोड्याच वेळात गल्लीतून आवाज यायला लागले. आल्या एकेक. कुणी पीठ मळता मळता उठून आलेली, कुणी पोराला काखोटीला मारून, कुणाची वेणी अर्धीच. हौसाक्का जमदाडे दारातूनच ओरडत आल्या.

"काय ओ कुमुदवैनी! पोस्टातनं चिठ्ठी? मला वाटलं लाइटचं बिल आलं, ठिवलं देवापुढं! बोलावण्याबिगर कुणी येतंय व्हय?"

सगळ्या हसल्या. मी त्यांच्या कपाळांकडं बघत होते. माझ्या करंड्यातलं कुंकू, माझ्या माहेरचा चांदीचा करंडा, आणि प्रत्येकीच्या कपाळावर तिच्या बोटाचा ठसा. इतकं झोंबलं मला ते. आजही एवढ्या बायका एकत्र दिसल्या की तो ठसा दिसतो.

खोली भरली. सुशीलाकाकूंनी घसा खाकरला. "अध्यक्षपदासाठी एकच अर्ज आलाय. वैजयंती शेटे. सूचक पद्मजा मगदूम."

"थांबा जरा," हौसाक्का म्हणाल्या. "अर्ज-बिर्ज ऱ्हाऊ द्या. कुमुदवैनींचं काय? इतकी वर्सं भांडी कुणी संभाळली? मी म्हनते, कुमुदवैनींनी व्हावं."

खोलीत कुजबुज झाली. दोनचार माना डोलल्या. माझं काळीज असं उडत होतं की पदराखाली दिसेल की काय असं वाटलं. आलं होतं, शेवटी आलं होतं.

"नको हो हौसाक्का," मी म्हटलं.

"का नको? व्हा की!"

"अहो, मला कुठं जमतंय." मी हसून मान खाली घातली. आता. आता कुणीतरी दंडाला धरेल. हौसाक्का गुडघ्यावर हात देऊन उठायला लागल्याही होत्या.

"हौसाक्का, बसा एक मिनिट."

वैजयंती उभी होती. तिचा चेहरा लाल झाला होता, धावून आल्यामुळं म्हणा की कशानं.

"अक्का, माझ्याकडं बघा. मला हे पद हवंय, मी सांगितलंय. तुम्हालाही हवं असेल तर सांगा. मी अर्ज मागं घेणार नाही, पण हात वर करून मोजू, जिला जास्त हात ती अध्यक्ष. तुम्ही एकदा 'हो' म्हणा. पण 'नको'ला 'हो' समजायचं मला जमत नाही. हवंय का तुम्हाला?"

कुरकुरणाऱ्या पोराला कुणीतरी मांडीवर घेऊन थोपटलं.

लोकांना वाटेल, किती सोपं. एक अक्षर. मला आठवतंय, ते अक्षर माझ्या घशात आलं होतं. पण चाळीस बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या, आणि माझ्या डोळ्यांपुढं एकच होतं, की हो म्हटलं तर या सगळ्यांना कळेल. मला हवंय हे कळेल. आमसुली साडी कशासाठी नेसलेय तेही कळेल.

"नको," मी म्हटलं. "मी कधी म्हटलं मला हवंय म्हणून?"

हौसाक्का परत खाली टेकल्या. वैजयंतीनं क्षणभर माझ्याकडं बघितलं, मग काकूंकडं वळून मान हलवली. टाळ्या झाल्या. तिला कुणी ओढून न्यावं लागलं नाही. ती स्वतः चालत गेली आणि खुर्चीवर बसली.

वर्षभरानं तिचं पातेलं आलं. भोकरेबाईंपेक्षाही मोठं. ते बापूकडं मीच नेलं, कारण कार्यवाह मीच होते. तेही पद सोडते म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. बापूनं चिठ्ठी वाचली, माझ्याकडं बघितलं आणि काही न विचारता ठोकायला लागला.

त्यानंतर सहा वर्षं मी वैजयंतीशी कामापुरतं बोलले. मीठ आहे का, दूधवाला येऊन गेला का, किल्ली कुठंय. तिनं दोनतीनदा विचारलं, "अक्का, काही चुकलं का?" मी म्हटलं, "छे गं, कुठं काय?" तिनं ते खरं मानलं. ती कायम खरंच मानायची. दरवर्षी सभा व्हायची, ती पुन्हा निवडून यायची, आचारी म्हणायला लागले होते, 'वैजयंतीत भात लावा.'

मग माझ्या लेकीचं, मीनलचं लग्न ठरलं, दारातच मांडव घालून करायचं. भांडी हवी होती. आदल्याच महिन्यात भोकरेबाईंचं बूड गेलं होतं, त्यामुळं एवढ्या पानांच्या भाताला पुरेल असं एकच पातेलं उरलं होतं. आणि भांडी मागायला अध्यक्षाकडं स्वतः जायचं, हीही रीतच.

मी वर गेले. ती गॅलरीत मेथी निवडत बसली होती.

"या अक्का. चहा टाकू?"

"नको."

"बरं," ती म्हणाली आणि मेथी निवडत राहिली. मी समोर बसले. सवयीनं हात जुडीकडं गेला.

"मीनलच्या लग्नाला भांडी लागतील," मी म्हटलं.

"लागतीलच. कुठलं कुठलं हवंय?"

"तुझं पातेलं हवंय." ते म्हटलं आणि कसं कोण जाणे, एकदा तोंडातून 'हवंय' बाहेर पडल्यावर मागचं सगळं त्याच्या पाठोपाठ आलं. "आणि ते पद मला हवं होतं वैजयंती. पातेल्यावरचं नाव मला हवं होतं. फार हवं होतं."

तिचे हात थांबले. "मग म्हणाला का नाहीत? मी विचारलं होतं. डाळ निवडताना विचारलं, भर सभेत विचारलं."

"डाळ निवडताना तू तिसऱ्यांदा विचारलं नाहीस."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मी थट्टा करतेय का ते शोधत असावी.

"तिसऱ्यांदा?" ती म्हणाली. "अक्का, तिसऱ्यांदा कोण कुणाला विचारतं? आम्ही पाच बहिणी. आईला दिसायचं कमी, पंगतीत ती अंदाजानं वाढत जायची. एकदा 'नको' म्हटलं की पोळी पुढच्या पानात. 'हवी' असं मोठ्यानं ओरडलं तरच मिळायची. मी इथं आले तेव्हा पहिल्या होळीला तसंच मोठ्यांदा म्हटलं, सासूबाई हसल्या. मी माहेरी जाऊन रडले होते, सगळ्या मला हावरट म्हणत असतील म्हणून."

"मी म्हणत होते," मी म्हटलं.

"माहितेय." ती हसली. मग एकदम गंभीर झाली. "पुढच्या महिन्यात सभा आहे. आता विचारते. तुम्हाला अध्यक्ष व्हायचंय?"

मेथीची काडी माझ्या बोटात मोडली. गॅलरीत तिसरं कुणी नव्हतं, तरीही माझे कान तापले, त्या सकाळसारखेच.

"हो," मी म्हटलं.

"मग अर्ज भरा. मीही भरणार आहे."

मला वाटलं होतं ती म्हणेल, घ्या अक्का, हे पद तुमचंच. खरंच वाटलं होतं. मी तिच्याकडं रागानं बघितलं, आणि तिनंही नजर हटवली नाही.

"मला अजून हवंय ते," ती म्हणाली. "चहा घेणार का आता?"

"टाक. साखर जास्त घाल."

लग्न झालं. मीनलचा भात वैजयंतीत शिजला, आणि चांगला मोकळा शिजला, हेही सांगायला हवं. त्यानंतर पंधरा दिवस आधी लेखी नोटीस निघाली आणि बोलावणंही झालं. करंडा घेऊन आम्ही दोघी गेलो, रस्त्याच्या डाव्या बाजूच्या घरांत ती कुंकू लावायची, उजव्या बाजूच्या मी. हौसाक्का आम्हाला एकत्र बघून म्हणाल्या, "आता कुनाला मत द्यायचं गं बायांनो?" मी म्हटलं, "मला द्या." त्यांना हसू आवरेना.

सभेत पद्मजानं हात मोजले. आधी वैजयंतीचे. पुष्कळ झाले, मी मनातल्या मनात मोजत होते आणि प्रत्येक हाताबरोबर जुनी कळ उठत होती. मत्सर गेला म्हणावं तर तसं काही झालं नव्हतं. मग पद्मजानं माझं नाव घेतलं.

मी हरले. माझ्या बाजूनं चौदाच हात वर झाले. त्यातला पहिला माझा होता.